निळीचे पिंप मंडळाच्या अंगणात

(वर्धापनदिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



"बायकांना घरच्या घरी करता येईल असा एखादा उद्योग" या विषयावर बोलावे, अशी मंडळाची सूचना होती. पापड-लोणच्यांविषयी या सभागृहात मी काही सांगू लागले, तर ते काकवीच्या काहिलीपुढे गूळ नेऊन ठेवण्यासारखे होईल. म्हणून थोडा निराळा विषय घेतला आहे. झाडाच्या निळीने कापड कसे रंगवावे, आणि रंगविताना कापडाचा काही भाग झाकून ठेवून त्यावर पांढरी नक्षी कशी उठवावी, हे मी आज सांगणार आहे.

पंचतंत्रातील निळ्या कोल्ह्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो. कुत्री पाठीस लागली म्हणून कोल्हा रंगाऱ्याच्या घरात शिरला, निळीच्या रांजणात पडला आणि निळा होऊन रानाचा राजा बनला. या गोष्टीतील एक बारीक तपशील मात्र कथाकाराने गाळला आहे. कोल्हा रांजणातून बाहेर आला, त्या क्षणी तो निळा नसणार. तो पिवळसर हिरवा असणार, आणि रानाकडे पळता पळता वाऱ्याने निळा झाला असणार. ही थट्टा नव्हे. निळीचे सारे शास्त्र एवढ्यातच आहे.

हळद, मंजिष्ठ, डाळिंबाची साल यांचे रंग पाण्यात उतरतात. नीळ पाण्यात विरघळतच नाही. तिची पूड पाण्यात कितीही ढवळली, तरी गाळासारखी तळाशी बसते. तिला विरघळवावयाचे तर तिच्यातील प्राणवायूचा संबंध तोडावा लागतो आणि पाण्यात चुन्यासारखा क्षार असावा लागतो. मग नीळ आपला निळेपणा टाकते, पिवळसर होऊन पाण्यात मिसळते आणि सुताच्या आतपर्यंत शिरते. कापड बाहेर काढले की हवेतील प्राणवायू तिला पुन्हा मिळतो. ती पुन्हा निळी होते, पुन्हा न विरघळणारी होते आणि धाग्यातच अडकून बसते. म्हणून निळीला तुरटीसारखे रंगबंधक लागत नाही आणि कापड रंगात उकळावे लागत नाही. कोमट पाण्यात काम होते. कापड झाकून नक्षी काढणाऱ्याला हे फार सोयीचे, कारण उकळत्या रंगात मेण वितळून जाते, कोमट पिंपात ते टिकते.

हा रंग आपल्याला परका नाही. इरकली लुगड्याचा पारंपरिक काळसर निळा रंग सूत निळीत पुन्हा पुन्हा बुडवून आणीत असत. दख्खनात निळीचे काम करणाऱ्यांना निळारी किंवा निराळी म्हणत. अजिंठ्याच्या भिंतींवरील चित्रांतही ठिपक्यांची आणि पट्ट्यांची वस्त्रे दिसतात, आणि अभ्यासक त्यांचा संबंध बांधणीच्या कलेशी जोडतात.

आता सामानाकडे वळू. या कामाला लागणाऱ्या बहुतेक वस्तू आपल्या गावात हाताशी आहेत, हे ऐकून आपल्याला गंमत वाटेल. पहिली वस्तू गूळ. निळीतील प्राणवायू काढून घेण्याचे काम गुळातील साखर करते. राजर्षी शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसविली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि 2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले. पिंपासाठी मात्र पिवळाधमक, देखणा गूळ घेऊ नये. काळपट, जुना, थोडा पाझरलेला गूळ चांगला, कारण त्यात आपल्याला हवी ती साखर अधिक असते. घरात जो गूळ कोणी खात नाही, तो येथे उपयोगी पडतो.

दुसरी वस्तू चुना. कळीचा चुना मुळीच घेऊ नये, तो पाणी लागताच उकळतो आणि भाजतो. विझवलेल्या चुन्याची कोरडी पूड घ्यावी. तिसरी वस्तू टाकळा. पावसाळ्यात आपण त्याची भाजी करतो. त्याचे बी उकडून पिंपात घालण्याची चाल भारतात पुष्कळ ठिकाणी आहे. त्याने पिंप आंबण्यास मदत होते. चौथी वस्तू कापड. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला, तेव्हापासून सुती कापडाला आपला जिल्हा कधी उणा पडलेला नाही. बाहेरून आणावी लागते ती फक्त नीळ. ती आज मुख्यतः तमिळनाडू आणि आंध्र या भागांतून येते.

येथे एक सूचना. पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात देण्यासाठी वाण्याकडे मिळते ती नीळ ही नव्हे. तिचे नाव तेवढे सारखे. तिने कापड रंगणार नाही.

कापडाची तयारी हे निम्मे काम आहे. कोऱ्या मांजरपाटाला मागावरची खळ असते. धुण्याचा सोडा घालून कापड तासभर उकळावे, स्वच्छ धुवावे आणि वाळवावे. मग त्यावर पाण्याचा एक थेंब टाकावा. थेंब लगेच शोषला गेला, तर कापड तयार. तो मोत्यासारखा वर उभा राहिला, तर पुन्हा उकळावे. टेरिलीन किंवा नायलॉन मिसळलेले कापड या कामाला घेऊ नये.

आता पिंप. वीस लिटर मावेल अशी झाकणाची खोल बादली घ्यावी. 50 ग्रॅम नीळ, 100 ग्रॅम चुना आणि 150 ते 200 ग्रॅम गूळ, हे प्रमाण. नीळ बारीक वाटून थोड्या कोमट पाण्यात रात्रभर भिजत ठेवावी. दुसऱ्या दिवशी गूळ पाण्यात उकळून तो बादलीत ओतावा, नीळ घालावी, हाताला सोसवेल त्याहून थोडे अधिक गरम पाणी घालून बादली भरावी. शेवटी चुना थोडा थोडा भुरभुरावा आणि काठीने एकाच दिशेने सावकाश ढवळावे. रवीसारखे घुसळू नये, कारण घुसळल्याने हवा आत जाते, आणि आपल्याला तर हवा बाहेर ठेवावयाची आहे. दर तासाने असे तीन-चार वेळा ढवळून बादली झाकावी आणि गोधडीत गुंडाळून उबेला ठेवावी.

दुसऱ्या दिवशी झाकण काढून पाहावे. वर तांब्यासारखा चकाकणारा तवंग, मध्ये निळा फेस आणि खाली पिवळसर, स्वच्छ पाणी दिसले, तर पिंप लागले असे समजावे. पाणी निळेच असेल, तर पिंप अजून लागलेले नाही. त्याला थोडा गूळ आणि ऊब द्यावी. पाणी पिवळे असून रंग फिका पडू लागला, तर नीळ संपत आली. काही दिवसांनी पिंप मंद झाले, तर चमचाभर चुना आणि थोडा गूळ देऊन एक रात्र विश्रांती द्यावी. उन्हाळ्यात पिंप चटकन लागते. आषाढ-श्रावणात ते रेंगाळते आणि कापडही वाळत नाही. म्हणून शिकावयाचे तर फाल्गुन-चैत्रात शिकावे.

कापड आधी ओले करून, पिळून, अलगद आत सोडावे. तळाच्या चुन्याला ते लागू नये म्हणून आत एखादी दुरडी ठेवावी. पाच मिनिटांनी पाण्याच्या आतच पिळून बाहेर काढावे. वरून थेंब गळू दिले, तर प्रत्येक थेंबाबरोबर हवा आत जाते. बाहेर आलेले कापड हिरवे दिसेल आणि पाहता पाहता निळे होईल. पंधरा-वीस मिनिटे हवा द्यावी आणि पुन्हा बुडवावे. गडद रंगासाठी एकदाच तासभर बुडवून ठेवण्याचा मोह होतो, पण त्याचा उपयोग नाही. निळीचा गडदपणा बुड्यांच्या संख्येने येतो. एका बुडीत आकाशी, तीन-चार बुड्यांत मध्यम निळा, त्याहून अधिक बुड्यांत रात्रीचा निळा. वर सांगितलेल्या प्रमाणात सुमारे अर्धा किलो कापड मध्यम निळे होईल.

आता नक्षी. रंग जेथे जाऊ नये तेथे त्याला अडविणे, एवढेच तिचे तत्त्व आहे. अडविण्याचे पाच मार्ग सांगते.

पहिला मार्ग गाठींचा, म्हणजे बांधणीचा. कापडाखाली मूग, हरभरा किंवा चिंचोका ठेवून वरून दोरा घट्ट गुंडाळावा. मुगाने बारीक वलय उठते, चिंचोक्याने मोठे. दोरा सैल राहिला तर वलय उठणार नाही.

दुसरा मार्ग टाक्याचा. येथे आपल्या बायकांचा हात आधीच तयार आहे. वाकळ शिवताना आपण जो धावदोरा घालतो, तोच जाड दोऱ्याने नक्षीच्या रेषेवर घालावा, दोरा ओढून कापडाच्या चुण्या करून गाठ मारावी. रंगवून दोरा उसवला की त्या रेषेवर पांढऱ्या टिंबांची ओळ उमटते. तुळशीवृंदावन, कोयरी, वेल, काहीही या टाक्याने काढता येते. जपानात याच पद्धतीचे मोठे काम होते.

तिसरा मार्ग घडीचा. कापडाची पंख्यासारखी घडी घालून दोन्ही बाजूंस लाकडाच्या सारख्या आकाराच्या चकत्या ठेवून दोरीने आवळाव्यात. शिकणाऱ्या मुलींना हा मार्ग आधी द्यावा, कारण तासाभरात काम दिसते आणि हुरूप येतो.

चौथा मार्ग खळीचा किंवा मातीचा. राजस्थानात बगरू आणि आकोला येथे माती, चुना व डिंक यांचा लेप ठशाने उठवितात. कच्छमधील धमडका आणि 2001 च्या भूकंपानंतर वसलेले अजरखपूर येथील अजरखाच्या कामात चुना आणि डिंक वापरतात. आफ्रिकेतील नायजेरिया देशात योरुबा बायका कसाव्याच्या पिठाची खळ कोंबडीच्या पिसाने कापडावर काढून ते निळीत रंगवितात. हा कसावा म्हणजे ज्याच्या कंदापासून आपला साबूदाणा होतो तोच. एकादशीला उरलेल्या साबूदाण्याच्या पिठाची खळ करून पाहावयास हरकत नाही. मात्र खळ पूर्ण वाळू द्यावी, बुड्या थोडक्यात घ्याव्यात आणि कापड आत चोळू नये.

पाचवा मार्ग मेणाचा, म्हणजे बाटिकचा. रवींद्रनाथ ठाकूर 1927 साली जावा बेटावर जाऊन आले, त्यानंतर शांतिनिकेतनात ही कला रुजली. मेणबत्तीचे मेण आणि मधमाशांचे मेण एकत्र वितळवून कुंचल्याने लावावे. मेण नेहमी गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे, थेट जाळावर कधीही नको. ते पेट घेते. लहान मुले आसपास असतील, तर हा मार्ग त्या दिवशी ठेवूच नये.

रंगविल्यावर कापड साध्या पाण्यात धुवावे, थोड्या लिंबूसताच्या पाण्यातून काढून चुन्याचा अंश घालवावा आणि रिठ्याच्या पाण्याने धुवावे. गाठी कापड वाळल्यावरच सोडाव्यात. शेवटी ओला पांढरा रुमाल कापडावर चोळून पाहावा. रुमालाला रंग लागला, तर वरवरची नीळ राहिली आहे, पुन्हा धुवावे. ही परीक्षा झाल्याशिवाय एकही नग कोणाला विकू नये. पहिल्याच धुण्यात दुसऱ्याची पांढरी साडी निळी झाली, तर ती बाई पुन्हा आपल्या दारी यावयाची नाही, आणि तिच्या चार मैत्रिणीही नाहीत.

भगिनींनो, कृती झाली. आता ज्यासाठी मी हा विषय निवडला, ते सांगते.

निळीचा इतिहास फारसा गोड नाही. बंगालच्या शेतकऱ्यांनी 1859-60 साली निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध उठाव केला, आणि 1860 साली दीनबंधू मित्र यांचे 'नीलदर्पण' नाटक प्रसिद्ध झाले. चंपारण्यात कुळाला दर वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावावीच लागे. त्याविरुद्ध महात्मा गांधी 1917 साली उभे राहिले. मधल्या काळात, 1897 साली, जर्मनीतील बीएएसएफ कारखान्याने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि झाडाच्या निळीची लागवड कोसळत गेली. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही नीळ आणि झाडाची नीळ यांतील रंगद्रव्य एकच आहे. तेव्हा "आमची नीळ नैसर्गिक म्हणून तिचा निळा अधिक खरा" असे आपण गिऱ्हाइकाला सांगू नये. ते खरे नाही. आपण एवढेच सांगावे की ही नीळ झाडाची आहे, ती गूळ-चुन्याने लावली आहे आणि हे काम हाताचे आहे. तेवढे खरे आहे आणि तेवढे पुरे आहे.

पण या इतिहासातून मला दिसते ते असे की, नीळ कोणी पिकविली, कोणी राबले, आणि दाम कोणी ठरविला, या तीन गोष्टी क्वचितच एका हातात होत्या. बांधणीचेही तसेच आहे. कच्छ आणि जामनगरकडे गाठी बांधण्याचे काम मुख्यतः बायका घरी बसून करतात. चार गाठींची एक कडी, आणि कड्यांच्या हिशोबाने मजुरी. कापड व्यापाऱ्याचे, रंग रंगाऱ्याचा, दुकान तिसऱ्याचे. बाईच्या वाट्याला गाठ तेवढी येते. याउलट नायजेरियातील अबेओकुटा गावात खळ काढणे, रंगविणे आणि विकणे हा सारा व्यवहार बायकांच्या हाती राहिला, आणि त्या आपल्या व्यवसायाच्या धनीण झाल्या.

म्हणून मी म्हणते, गाठ आपली असेल तर पिंपही आपले असले पाहिजे. पण एकटीच्या घरात पिंप परवडत नाही. ते रोज पाहावे लागते, ऊब द्यावी लागते, आणि एका घरात एवढे कापडच नसते. पाच-सहा दिवस कोणी लक्ष दिले नाही, तर पिंप मंदावते आणि बाई कंटाळून ते ओतून टाकते. मंडळाचे एकच सामाईक पिंप असावे. गाठी, टाके, खळ ही कामे प्रत्येकीने दुपारी आपल्या घरी करावीत आणि आठवड्यातून एक दिवस सर्वांनी मिळून रंगवावे. पिंपाची पाळी वाटून घ्यावी. निळीचा, गुळाचा, कापडाचा खर्च वहीत लिहावा.

आणि त्याच वहीत वेळही लिहावा. समजा, एका ओढणीवर तीनशे गाठी आहेत आणि मिनिटाला दोन गाठी होतात. म्हणजे अडीच तास झाले. धुणे, रंगविणे, गाठी सोडणे धरून आणखी दोन तास. असे साडेचार तास आपण "फावल्या वेळात केले" म्हणून किमतीत धरीत नाही, आणि मग बाजारात विचारतात, "एवढे महाग का?" आपणही गप्प बसतो. बाईच्या वेळाला मोल नाही, हे दुसऱ्यांनी म्हणण्यापूर्वी आपणच म्हणत आलो आहोत. वहीत लिहिलेला वेळ किंमत सांगताना आवाज कापू देत नाही.

दोन गोष्टी पिंपाच्या शेवटाविषयी. बाजारात 'हायड्रो' नावाची पूड मिळते. गुऱ्हाळवाल्यांच्या घरच्या भगिनींना ती ठाऊक असेल, कारण गुळाचा रंग उजळण्यासाठी ती वापरली गेली आहे. तिने पिंप पंधरा मिनिटांत लागते, हे खरे. पण तिचा उग्र वास नाकातोंडाला बाधतो आणि ओल लागली तर ती पेटू शकते. घरगुती कामात ती नको. चुन्याच्या पिंपातही हातमोजे घालावेत, आणि डोळ्यांत थेंब गेल्यास ताबडतोब भरपूर पाण्याने डोळे धुऊन दवाखाना गाठावा.

दुसरी गोष्ट पाण्याची. संपलेले पिंप गटारात ओतले, की आपले काम संपले असे वाटते. पण आपली पंचगंगा येथून इचलकरंजीकडे जाते आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. आपल्या गटाराचे पाणी खालच्या गावातील बायकांच्या घागरीपर्यंत जाऊ शकते. रांजणातील पाणी उघड्यावर काही दिवस ठेवून रोज ढवळावे. उरलेली नीळ निळी होऊन खाली बसते, ती पुढच्या पिंपात घालता येते. चुन्याची हवेने खडू होते आणि पाण्याची तीव्रता उतरते. मग लिंबूसत घालून, भरपूर पाण्यात मिसळून ते सोडावे. कुंड्यांत किंवा विहिरीजवळ ओतू नये.

माझी सूचना कार्यकारिणीपुढे ठेवून मी थांबते. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळाने बाजारातील वाण लुटण्याऐवजी, सभासदांनी रंगविलेला हातभर रुमाल वाण म्हणून द्यावा. त्यासाठी एक बादली, पाव किलो नीळ आणि एक वही, एवढ्यावर आरंभ करता येईल. पावसाळा सरल्यावर, दिवाळीनंतर पिंप लावले, तरी तेवढ्या अवधीत रुमाल तयार होतील. ज्या भगिनींना पाळी घ्यावयाची असेल, त्यांनी आज जाताना चिटणीसबाईंकडे नाव द्यावे.